अडथळ्याची गोडी

मनुष्य स्वभावतः सोप्या सुखाकडे धावतो, असे नीतिविषयक पुष्कळ विवेचनांत गृहीत धरलेले असते. हे गृहीत बहुतांशी खरेही आहे. तथापि बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात ज्याने डोळे उघडे ठेवून चार वर्षे काढली असतील, त्याला या नियमाचे अपवाद शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. बिदर शहरालगतचे झरणी नरसिंहाचे स्थान घ्या. देव डोंगराच्या पोटात, आणि त्याच्यापर्यंतची वाट सुमारे तीनशे मीटर लांबीच्या भुयारातून, तीही पाण्यातून. पाणी कमरेइतके, कोठे छातीइतके. माथ्यावर खडकाला लटकलेली वटवाघळे, आणि पुढे कोणाच्या तरी खांद्यावर बसून भेदरलेले मूल. नरसिंहाने मारलेला दैत्यच पाणी होऊन देवाच्या चरणांशी वाहू लागला, अशी तेथील आख्यायिका आहे. मधल्या काळात भुयारात विजेचे दिवे आले, हवा खेळती ठेवण्याची यंत्रेही बसली. परंतु पाणी उपसून टाका आणि कोरडी फरशी घाला, अशी मागणी भाविकांकडून झाल्याचे निदान माझ्या तरी कानांवर आलेले नाही.

ही मागणी का होत नाही? श्रद्धा, असे एका शब्दात उत्तर देता येईल. पण ते फार घाईचे उत्तर आहे. श्रद्धा तर कोरड्या वाटेने जाणाऱ्याचीही असू शकते. येथे श्रद्धेच्या जोडीला दुसरे काहीतरी आहे. भुयारातून बाहेर पडलेल्या ओलेत्या यात्रेकरूंचे चेहरे पाहावेत. त्यांवर नुसती कृतार्थता नसते, उघडउघड मौजही असते. या मौजेचा स्वभाव काय आणि तिला नैतिक मोल कितपत आहे, हा या लेखाचा विषय.

मला या विचारात साह्य झाले ते अनपेक्षित बाजूने, आजच्या तरुणांच्या व्हिडिओ गेममधून. हा विषय देवळाच्या पारावर चर्चिण्याजोगा नव्हे असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या खेळांत काही योजना अशा असतात की बहुसंख्य खेळाडू त्यांवर वैतागतात. २०१७ साली आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या जपानी खेळात नायकाच्या हातातील तलवार काही घावांनंतर तुटून जाते. मोठ्या सायासाने मिळवलेले शस्त्र असे हातचे जावे, याबद्दल पुष्कळांनी बोटे मोडली. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये मरण आले की साठवलेली सारी पुंजी मेल्या जागी पडून राहते, आणि पूर्वीच्या धुनीपासून पुन्हा तीच वाट तुडवत ती आणावी लागते. वाटेत पुन्हा मेले तर ती कायमची गेली. खेळ सोपा करून घेण्याची कळही त्यात नाही. २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये तर नायकाचे मुख्य काम पाठीवर ओझी घेऊन ओसाड डोंगरांतून चालत जाणे हेच आहे. ओझे एका बाजूला कलले तर तोल सांभाळायचा, पाय घसरला तर मालाची नासधूस सोसायची, जोडे झिजले तर बदलायचे. हमालीला खेळ म्हणावे काय, अशी थट्टा पुष्कळांनी केली.

परंतु याच त्रासदायक गोष्टींवर मनापासून प्रेम करणारे खेळाडूही आहेत. तलवार तुटते म्हणून तर हाताशी येईल त्या काठीकडे, दगडाकडे, ढालीकडे आपले लक्ष जाते, असे ते म्हणतात. ओझे आहे म्हणून डोंगराचा चढ डोंगरासारखा वाटतो. ओझे नसते तर तो निव्वळ पडद्यावरचा देखावा झाला असता. त्यांचे हे म्हणणे मला विचारपूर्वक केलेले वाटते. बर्नार्ड सूट्स या तत्त्वचिंतकाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तिचे सार हेच आहे की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते ओलांडण्याचा यत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू भोकात घालणे एवढाच हेतू असता तर तो हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोयीचे. पण मग खेळ उरत नाही.

आपल्याकडे हे कळण्यास पाश्चात्य ग्रंथाची गरज नव्हती. सोंगट्यांच्या पटावर शेवटच्या घराशी आलेली सोंगटी नेमके दान पडेपर्यंत अडून बसते, आणि तेवढ्यात मागून येणाऱ्याने ती मारली की सारा फेरा पहिल्यापासून. वैतागून पट उधळणारी माणसे प्रत्येक घरात निघतात. पण नेमक्या दानाचा नियम काढून टाका म्हटले तर तेच प्रथम विरोध करतील. मोक्षपटाचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला हा पट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज. जुन्या भारतीय पटांवर साप अधिक आणि शिड्या कमी असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, आणि पुढे तेथील मुलांसाठी साप-शिड्यांची संख्या हळूहळू समान करण्यात आली. हा बदल दयाळूपणाचा खरा. पण दुर्गुणाने घसरणे सोपे आणि सद्गुणाने चढणे विरळा, हे जे पट न बोलता शिकवत होता, ते त्या समतेत बुडाले असे मला वाटते.

आता गाणगापुराकडे वळू. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचे हे दत्तक्षेत्र अफजलपूर तालुक्यात आहे. १९५६ च्या प्रांतरचनेत सीमा हलल्या, जिल्ह्याचे गुलबर्गा हे नाव २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले. परंतु सोलापूर, लातूर, धाराशिवकडून येणारी मराठी पावले काही हटली नाहीत. येथे निर्गुण पादुकांचे दर्शन एका लहानशा खिडकीतून घ्यावे लागते. येथेच माधुकरीचा आचार आहे. दत्तप्रभू मध्यान्ही या गावी भिक्षेस येतात अशी श्रद्धा असल्याने, घरी चार गडी राबणारा जमीनदार किंवा बँकेतला मोठा अधिकारीसुद्धा हातात झोळी घेऊन निदान पाच घरी उभा राहतो. जवळ पैसे आहेत, खानावळ समोर आहे, पोटाला कमी नाही. सूट्सच्या भाषेत हा अगदी अनावश्यक अडथळा! पण पहिल्या दारी तोंडातून शब्द फुटेना, दुसऱ्या दारी ‘पुढे जा’ ऐकावे लागले, तिसऱ्या दारी भाकरीचा चतकोर पडला, हे सांगताना माणसे जशी खुलतात तशी पंचपक्वान्नांबद्दल बोलताना खुलत नाहीत.

गुरुचरित्रातील नरहरीची कथा आमच्या बहुतेक वाचकांना पाठ असेल. कुष्ठाने पीडित अशा त्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी औदुंबराचे वाळके लाकूड संगमावर रोवून त्याला नित्य पाणी घालण्यास सांगितले. लोक हसले. वाळक्या लाकडाला कोठे पालवी फुटते काय, हा त्यांचा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड होता. कथेच्या शेवटी पालवी फुटते आणि रोगही जातो, म्हणून आपण ती फलश्रुतीची कथा म्हणून ऐकतो. मला मात्र त्यातील मधले दिवस महत्त्वाचे वाटतात. फळाचा मागमूस नाही, लोक टिंगल करीत आहेत, आणि हा माणूस घागर भरून आणतो आहे. ते दिवस निव्वळ दुःखाचे होते असे मानवत नाही. नेमून दिलेले काम नेमाने करण्यात एक स्वतःची अशी गोडी असते आणि फळ येण्यापूर्वीच ती जिभेवर येते. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्यांना हे सांगावे लागू नये; भूमिशय्या, मिताहार, नेमकी आसनाची जागा हे नियम सातव्या दिवशी संपतात तेव्हा सुटल्यासारखे वाटते तसे काही हरवल्यासारखेही वाटते.

येथपर्यंत सारे गोड आहे. आणि येथेच सावध होणे अवश्य आहे. कारण कष्टांचे गुणगान हा सुखवस्तू माणसाचा आवडता छंद आहे.

गाणगापुरात झोळी घेऊन उभा राहणारा यात्रेकरू आणि त्याच रस्त्यावर उपाशीपोटी हात पसरणारी म्हातारी, दोघेही भीकच मागतात. बाहेरून पाहता क्रिया एक. परंतु यात्रेकरूला पाचव्या घरानंतर झोळी खाली ठेवता येते, म्हातारीला येत नाही. या भागातील अवर्षणाच्या वर्षांत डोक्यावर घागर घेऊन लांबून पाणी आणणाऱ्या बाईला नरहरीची कथा सांगून ‘बघ, घागर वाहण्यातही गोडी आहे’ असे म्हणणारा मनुष्य मूर्ख तरी असला पाहिजे किंवा निर्दय तरी. अडथळ्याची गोडी ही तो नाकारण्याच्या मोकळिकीतून उत्पन्न होते. मोकळीक काढून घ्या, म्हणजे तोच अडथळा जाच होतो. आणि जो स्वतः मोकळा आहे त्याने दुसऱ्याच्या जाचाला तपश्चर्येचे नाव देणे ही तर लबाडी होय. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या भक्तांना उघडावीत म्हणून. ‘दुरूनच कळस पाहण्यात भक्ती अधिक’ असे सांगणारे तेव्हाही होते. पण ते स्वतः मात्र गाभाऱ्यात जाऊन येत.

आमच्या कोकणी वाचकांना शिरगावची लईराई सांगायला नको. व्रत पाळून निखाऱ्यांवरून चालणारे धोंड स्वेच्छेने चालतात, त्यासाठी दिवस मोजतात. २०२५ च्या मे महिन्यात त्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक प्राणांस मुकले. अग्नी हा निवडलेला अडथळा होता. अरुंद वाटेत दाटलेली गर्दी कोणी निवडली नव्हती. दोहोंना ‘देवाची परीक्षा’ या एकाच नावाने संबोधणे मला धर्मबुद्धीचे लक्षण वाटत नाही.

जाचाची आणखी एक जात अलीकडे फोफावली आहे. फोनवरच्या कित्येक फुकट खेळांत अडथळा मुद्दाम अशासाठी घालतात की खेळाडूने कंटाळून पैसे भरावेत. घर बांधायला आठ तास थांबा, नाहीतर इतके रुपये द्या. ‘डार्क सोल्स’चा अडथळा ओलांडण्यासाठी घातलेला आहे, हा विकण्यासाठी. गीतेच्या अठराव्या अध्यायात आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असे एक सुख, व आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असे दुसरे सुख वर्णिले आहे. या दुकानी खेळांत दोन्हीकडे विषच असते, मध्ये फक्त पैशाची खिडकी. आणि देवस्थानांनी येथे हसू नये. सामान्य दर्शनाची रांग अव्यवस्थेने लांबत ठेवायची आणि शेजारी शीघ्रदर्शनाची पावती फाडायची, ही योजना जेथे जेथे आहे तेथे तिची जातकुळी तीच आहे. रांगेत उभे राहण्याला माझा विरोध नाही. रांगेत ओव्या म्हणणाऱ्या बायका मी मोठ्या आवडीने ऐकल्या आहेत. पण ती रांग पावतीची किंमत वाढावी म्हणून लांब ठेवलेली असेल, तर त्या ओव्यांचाही कोणीतरी व्यापार करतो आहे.

राहता राहिला एक अवघड प्रश्न, आणि त्यावर सुज्ञांत मतभेद आहेत. अडथळा आवडणाऱ्यांनी इतरांसाठी सोपी वाट करण्यास हरकत घ्यावी काय? २०१९ साली ‘सेकिरो’ या कठीण खेळाच्या निमित्ताने हाच वाद पेटला. सोपा प्रकार ठेवा, ज्यांचे हात थरथरतात त्यांनीही खेळावे, असे काहींचे म्हणणे; सोपेपणाने खेळाचे मर्मच जाईल, असे दुसऱ्यांचे. वारीपुरते पाहिले तर उत्तर सोपे आहे. आळंदीहून पायी निघालेल्या वारकऱ्याची वाट एस.टी.ने पंढरीस पोचलेल्या आजीमुळे तसूभरही कमी होत नाही. पायवाट आणि गाडीरस्ता शेजारी शेजारी राहू शकतात. झरणीसारख्या ठिकाणी मात्र वाट एकच आहे. तेथले पाणी काढले तर ते सर्वांसाठीच गेले, ठेवले तर ज्याचे गुडघे धरले आहेत त्याला देव दिसणार नाही.

माझा कौल पाणी ठेवण्याच्या बाजूला आहे, पण विनाअट नव्हे. ‘डेथ स्ट्रँडिंग’ची थट्टा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट येथे सांगतो. त्या खेळात एका खेळाडूने ओढ्यावर टाकलेला पूल किंवा कड्याला लावलेली शिडी दुसऱ्या अनोळखी खेळाडूच्या वाटेवर आपोआप दिसू लागते. दोघांची भेट कधी होत नाही. ओझे ज्याचे त्यालाच वाहावे लागते, डोंगर तेवढाच उंच राहतो. पण कोणीतरी पुढे जाऊन गेले आहे आणि मागच्याची आठवण ठेवून गेले आहे, हे कळते. आपल्याकडच्या पाणपोया आणि धर्मशाळा याच जातीच्या. पाणी ठेवायचे, तर धरायला साखळी हवी, आत हवा हवी, किती माणसे एका वेळी सोडायची याची शिस्त हवी, अशक्तांना उचलून नेणारे चार धडधाकट हात देवस्थानाच्या पदरी हवेत, आणि त्या हातांना मजुरीही मिळायला हवी. एवढे करायची ज्या विश्वस्तांची तयारी नसेल, त्यांनी पाण्याचे माहात्म्य सांगू नये, पंप लावावा.