काटा हलत नाही तेव्हा

वजन उतरावे म्हणून पुष्कळ जण पहाटे फिरावयास निघतात. पहिल्या आठवड्यांत काटा झरझर खाली येतो. पुढे तो एका जागी खिळतो. मग मनात येते, आता रोज उठावे कशासाठी?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सुरुवातीला जे घटते त्यात पाणी बरेच असते. शरीरात साठविलेल्या १ ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. तो साठा आटला की तेही जाते. शिवाय हलक्या झालेल्या देहाला चालताना आणि बसल्या जागीही कमी उष्मांक पुरतात. म्हणून तोच आहार व तेच चालणे आता वजन केवळ राखते. काटा थांबला म्हणजे माणूस आळसावला, असे नव्हे. (हा दोष आपण दुसऱ्याला फार लवकर लावतो.)

वजन तेवढेच राहिले तरी नियमित व्यायामाने रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला, तो काही केवळ स्थूल माणसांना नव्हे. पौलानेही तीमथ्याला लिहिताना शरीराच्या कसरतीचा थोडा उपयोग मान्य केलाच आहे.

तेव्हा विचारावयाचे ते हे, की देहाची निगा हे कर्तव्य आहे की काट्याशी केलेला सौदा? सौदा असेल, तर मोबदला थांबताच काम सोडणे रास्तच. कर्तव्य असेल, तर काट्याला विचारण्याचे कारण उरत नाही. हवे तर महिन्यातून एकदा त्यावर उभे राहावे, ताटातील भात-तेलाकडे पाहावे, वाटेत एखादा चढ घ्यावा; पहाटेची वेळ मात्र तीच ठेवावी.