पाय ठेवण्याची जागा

दोष झाकावा की उघड करावा, या प्रश्नाला आपल्या घरांत दोन उत्तरं शेजारी शेजारी नांदतात. "झाकली मूठ सव्वा लाखाची" हे एक. दुसरं दशलक्षणातल्या तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या दिवशी, मंदिरात ऐकलेलं: मनात, बोलण्यात आणि वागण्यात माणूस एकच असावा. सकाळी दुसरं ऐकून यायचं आणि संध्याकाळी स्थळाच्या बोलणीला बसताना पहिलं वापरायचं, यात आपल्याला काही वावगंही वाटत नाही. मला ते खटकलं एका जुन्या गाडीच्या निमित्तानं. धर्माच्या गोष्टीत गाडीचा गंज कशाला, असं कुणी म्हणेल. पण गंज कसा वाढतो हे कळल्यावर हा प्रश्न मला अधिक नीट दिसला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्याकडे एक मोठी, उंच, सात माणसं बसणारी डिझेल गाडी होती. बेळगावचा पाऊस, चोर्ला घाटातून गोव्याच्या फेऱ्या, उसाच्या रानातला चिखल, सगळं तिनं सोसलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून ती ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेही झालं होतं. आता विकायची म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीकडे नेली. दार उघडल्यावर ज्या पट्टीवरून आपण पाय आत टाकतो, तिथून खाली वळणारा, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा एक लांब पत्रा असतो. त्याला सिल किंवा रॉकर पॅनल म्हणतात. मी त्याला गाडीचा उंबरा म्हणते. त्याच्यावरच्या रंगाला तीन-चार फोड आले होते. मिस्त्रीनं तिथं स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो पापडात जावा तसा आत गेला.

हा उंबरा आतून पोकळ असतो. दोन-तीन पत्रे जोडून केलेली ती एक लांब पेटीच. आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. चिखलानं ती बुजली की पाणी आतच मुरतं. लोखंड, पाणी आणि हवा एवढं एकत्र आलं की गंज धरतोच. त्यात मीठ मिसळलं की तो अधिक वेगानं धावतो, म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर कुजतात. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड देशांतही हीच रड असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं बरंच काही गेलेलं असतं.

मिस्त्रीनं दोन भाव सांगितले. पहिला ४ हजारांचा. फोड घासायचे, भोकात जाळी बसवून वर लांबी भरायची, गुळगुळीत करून रंग मारायचा, वरून काळी प्लास्टिकची पट्टी लावायची. दोन दिवसांत गाडी नव्यासारखी. दुसरा २२ हजारांचा. सीट आणि खालचं कार्पेट काढायचं, बॅटरीच्या वायरी सोडवायच्या, कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनं बसवायचा. मग जस्ताचा प्रायमर, सांध्यांना सीलर, रंग, आणि शेवटी पेटीच्या आत मेणासारखा थर फवारायचा, पाण्याची भोकं मोकळी ठेवून. मी विचारलं, "पहिल्यात काय बिघडतं?" तो म्हणाला, "लांबी पाणी पिते, वहिनी. वरून छान दिसतं आणि आत जोरात खातं. दोन पावसाळे काढले तर नशीब."

उंबरा शोभेचा नसतो, हेही त्यानं सांगितलं. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. आमच्यासारख्या गाडीला खाली चासी असते खरी, पण दोन दारांमधला खांब उंबऱ्यावरच उभा असतो आणि बाजूनं कुणी धडकलं तर आडवा तोच येतो. गाडी बघायला येणारा तरुण खानापूरकडचा होता. घरात म्हातारे आई-वडील, दोन लहान मुलं.

घरात चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "विकायची वस्तू आहे, बाई. म्हैस विकतानासुद्धा धुऊन, शिंगांना तेल लावून बाजारात नेतात." धाकटे भावजी म्हणाले, "आपण खोटं कुठं बोलतोय? त्यानं विचारलं तर सांगू. घेणाऱ्यानं बघून घ्यावं." दोन्ही बोलणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत, म्हणून त्यांना उडवून लावू नये असं मला वाटतं.

सासूबाईंच्या म्हशीत चूक नाही. तेल लावलं तरी म्हशीचं वय दातांवरून कळतं आणि घेणारा दात बघतोच. गाडी धुणं, सीटची कव्हरं बदलणं हे तेल लावण्यासारखं आहे. लांबी भरणं म्हणजे मात्र म्हशीचे दातच बदलणं. बघण्याची जी एकमेव जागा होती तीच बुजवून टाकायची आणि वर म्हणायचं, बघून घ्या.

भावजींच्या बोलण्याला मला आपल्या शास्त्रात उत्तर सापडलं, आणि ते अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी सापडलं. मी सत्य अणुव्रताचे अतिचार बघत होते. तत्त्वार्थसूत्रात प्रत्येक व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चांगल्या वस्तूत हलकी मिसळून, तिच्यासारखी भासणारी दुसरी देणं, याला प्रतिरूपक व्यवहार म्हणतात. पण तो सत्यव्रताखाली येत नाही. तो अचौर्यव्रताखाली येतो, खोट्या वजनमापांच्या शेजारी. आचार्यांच्या लेखी ही चोरी आहे. तोंडातून एकही खोटा शब्द निघाला नाही, तरी चोरी. त्या तरुणाचं काय चोरलं जाणार होतं? पैसे तर होतेच. पण घ्यावं की घेऊ नये, मुलांना या गाडीत बसवावं की बसवू नये, हे ठरवण्याचा त्याचा हक्कही जाणार होता.

उलट सत्यव्रताच्या पाच अतिचारांत दोन चक्क गुपितं फोडण्याबद्दल आहेत. नवरा-बायकोचं एकांतातलं बोलणं चारचौघांत आणणं, आणि चेहऱ्यावरून ताडलेला दुसऱ्याचा मनसुबा उघड करणं. म्हणजे खरं असलं तरी बोलू नये, असंही आपल्याकडे सत्याच्याच पोटात सांगितलं आहे. जाऊबाईचा गर्भ राहत नाही हे मला माहीत आहे म्हणून मी ते हळदीकुंकवात सांगत सुटले, तर मी सत्य बोलले असं होत नाही.

मग झाकायचं काय आणि सांगायचं काय? इथं कुणीतरी उपगूहन अंगाचं नाव काढतं. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं हे पाचवं: दुसऱ्याचा दोष झाकावा. समाजात काही वावगं घडलं की हा शब्द फार लवकर बाहेर येतो. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या अंगासाठी जिनेंद्रभक्त शेठांचं नाव घेतलं आहे. त्यांची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते, पण अर्धीच लक्षात ठेवतो. ताम्रलिप्तीच्या या शेठांच्या घरच्या चैत्यालयात पार्श्वनाथ भगवंतांच्या मूर्तीवर छत्र होतं आणि त्यात मौल्यवान वैडूर्य रत्न. एक चोर क्षुल्लकाचा वेश घेऊन आला, शेठांचा विश्वास मिळवून रत्नाच्या राखणीला राहिला आणि एका रात्री ते घेऊन पळाला. पहारेकऱ्यांनी पाठलाग केला, तेव्हा तो शेठांच्याच आडोशाला आला. शेठांनी पहारेकऱ्यांना सांगितलं, रत्न माझ्याच सांगण्यावरून आणलं आहे. त्यागी वेशाची बदनामी होऊ नये म्हणून त्यांनी लोकांपुढं दोष झाकला.

आपली आठवण इथं संपते. कथा पुढं जाते. एकांतात शेठांनी त्या चोराची चांगली कानउघाडणी केली आणि त्याला घालवून दिलं. रत्न त्याच्याकडे राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच राखणीला बसवलं नाही. लोकांपासून झाकलं, पण ज्याचा दोष त्याला तोंडावर सांगितलं, आणि पुढची चोरी होण्याची वाट बंद केली. आठ अंगांच्या क्रमात उपगूहनाच्या लगेच पुढं स्थितीकरण येतं, ढळलेल्याला पुन्हा सावरून उभं करणं. मला हा क्रम उगाच वाटत नाही. झाकणं हे सावरण्याच्या आधीचं पाऊल आहे. सावरायचंच नसेल, तर उरते ती फक्त लांबी.

मिस्त्रीच्या कामातही झाकणं आहेच की. जस्ताचा प्रायमर झाकणंच, रंग झाकणंच, आतलं मेणही झाकणंच. चांगल्या पत्र्यावर ते बसलं तर पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. कुजक्यावर बसलं तर आतल्या कुजण्याला आडोसा मिळतो. म्हणून मी आता दोन गोष्टी बघते. झाकणाखाली दुरुस्ती झाली आहे का, निदान चालू आहे का? आणि ज्याला त्यावर पाय ठेवायचा आहे, त्याला माहीत आहे का? रस्त्यानं जाणाऱ्याला कळण्याची गरज नाही. पाय ठेवणाऱ्याला कळलंच पाहिजे.

आम्ही त्या तरुणाला फोड दाखवले, मिस्त्रीचे दोन्ही भाव सांगितले आणि २२ हजार किमतीतून कमी केले. त्यानं गाडी घेतली आणि पावसाळ्याआधी पत्रा कापून नवा बसवून घेतला. यात आमचं औदार्य नव्हतं. ते पैसे आमचे नव्हतेच.

पण गाडीचं सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. तिथं तोटा २२ हजारांवर थांबतो. मुलीच्या बाबतीत सांगणाऱ्याचा तोटा कुठं थांबेल याची खात्री नसते. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे. लहानपणी फिट यायची. गोळ्या सुरू झाल्यावर कित्येक वर्षांत एकदाही आली नव्हती. आई-वडिलांनी सासरी सांगितलं नाही. त्यांच्या भीतीला कारण होतं. आपल्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा, जो जैनांनाही लागू आहे, वारंवार फिट येणं हा लग्नातला अडसर मानला जायचा आणि तो शब्द १९९९ साली काढला गेला. कायद्यातून निघाला तरी लोकांच्या मनातून कुठं निघालाय? मुलगी सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची. पाहुणे आले, स्वयंपाकघरात माणसं असली की गोळी चुकायची. गोळ्या चुकल्या की फिट येण्याचा धोका वाढतो, आणि तसंच झालं. लपवलेलं उघड झालं ते वाईट रीतीनं, आणि सोसलं तिनं एकटीनं.

त्या आई-वडिलांना मी दोष देणार नाही. पण लांबीनं कुणाला खाल्लं ते बघा. झाकलेला दोष बाहेरच्याला फसवतो हे आपण जाणतोच. ज्याचा असतो त्याला तो आतून कुरतडतो, हे पटकन लक्षात येत नाही. साखरपुड्याआधी चार माणसांना, शांतपणे, डॉक्टरांच्या कागदासह सांगितलं असतं, तर कदाचित एक स्थळ गेलं असतं. पण जिथं लग्न झालं असतं तिथं गोळ्यांची डबी देवघराशेजारी उघड्यावर राहिली असती.

आणि इथं आपल्यावर, ऐकणाऱ्या बायकांवर, एक जबाबदारी येते. खरं सांगणारी माणसं हवी असतील तर खरं ऐकून घेणाऱ्या सासवा, आत्या, मावश्या आधी हव्यात. सांगितलेलं चार घरांत न पोचवणाऱ्या हव्यात. आलोचना एकांतात गुरूंजवळ करायची असते आणि गुरूंनी ती पोटात ठेवायची असते, हे आपल्या पूर्वजांनी ठरवलं त्यामागं हीच समज असावी.

त्या आलोचनेचेही दहा दोष मोजले आहेत. त्यातला एक आहे दृष्ट, म्हणजे इतरांनी पाहिलेलेच दोष सांगायचे आणि न पाहिलेले गिळायचे. दुसरा शब्दाकुलित, म्हणजे इतक्या गोंगाटात सांगायचं की गुरूंना ऐकूच जाऊ नये. माणूस स्वतःच्या दोषावर किती परींनी लांबी भरतो, हे त्या आचार्यांना पुरतं ठाऊक होतं. यंदाच्या क्षमावाणीला आपण एकमेकींना "काही चुकलं असेल तर क्षमा करा" म्हणू. त्या "काही"मध्ये नेमकं काय आहे, हे निदान एका माणसाला, ज्याचा पाय तिथं पडणार आहे त्याला, नाव घेऊन सांगता येतं का, ते मी बघणार आहे.