आंघोळ कुठे संपते?

छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्याच्या जमिनीखाली चुनखडक पसरलेला आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारी चुनखडी याच जिल्ह्यातल्या नंदिनीच्या खाणीतून येते. झोतभट्टीत ती लोखंडातली घाण स्वतःकडे ओढून घेते आणि मळी होऊन बाहेर पडते. दुर्गमधल्या बोरसीसारख्या वस्तीत बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या न्हाणीघरात हाच चुना वेगळ्या वाटेने पोचतो. झिरपणारे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, खडकातला चुना विरघळवते आणि शॉवरमधून काचेवर उडते. थेंब वाळला की वायू निघून जातो आणि मागे पांढरा ठिपका उरतो. त्यात साबण मिसळला की काचेवर आणि टाइल्सच्या सांध्यांत चिकट राखाडी थर धरतो. यावरचे घरगुती उपाय स्वस्त आहेत. पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, नाहीतर पिळलेल्या लिंबाची फोड, चुन्याच्या डागाला पुरते; लावून दहा मिनिटे ठेवायचे आणि धुऊन टाकायचे. साबणाच्या थराला खाण्याचा सोडा ओलसर करून घासावा. दोन्ही एकत्र ओतले की फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात. संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशीला मात्र लिंबू लावू नये; ते दगडही चुन्याचेच, त्यामुळे डागाबरोबर फरशीही खाल्ली जाते.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र यांच्याही आधीचा आहे. आंघोळ झाल्याबरोबर रबरी वायपरने काच वरून खाली निपटून घ्यायची. थेंबच राहिला नाही तर ठिपका कशाचा पडणार? या उपायाची एक अट आहे आणि माझा सगळा मुद्दा त्या अटीवर उभा आहे. काच ओली असतानाच ती पुसावी लागते, म्हणजे हे काम फक्त नुकतीच आंघोळ केलेला माणूसच करू शकतो. ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. याउलट थर महिनाभर साचू दिला तर तो कुणाकडूनही काढून घेता येतो. ॲसिडची बाटली आणली आणि कामवाल्या बाईंच्या हातात दिली की झाले. त्या बाटलीतल्या मिठाच्या आम्लाची वाफ बंद न्हाणीघरात घशात जाते, आणि घाईत त्यातच ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो. एका पद्धतीत आपला मळ आपल्याजवळच संपतो. दुसरीत तो दुसऱ्याच्या फुप्फुसापर्यंत जातो. आंघोळ हे आपल्याकडे धर्मकृत्य मानले जाते. मग शुद्ध होण्याची ही क्रिया अंगावर पाणी घेतल्यावर संपते, की त्या पाण्याने मागे ठेवलेले निस्तरल्यावर? माझे उत्तर या दोनांतले दुसरे आहे.

परंपरेचा पुरावा या उत्तराच्या सरळ बाजूने नाही, हे मान्य करावे लागेल. पतंजलींनी योगसूत्रांतल्या नियमांमध्ये शौचाला, म्हणजे शुद्धतेला, पहिले स्थान दिले. पण साधनपादाच्या चाळिसाव्या सूत्रात त्याचे फळ म्हणून स्वतःच्या देहाविषयीची किळस आणि इतरांशी संसर्ग नको होणे, असे सांगितले आहे. योग्याच्या एकांतासाठी ते असेल. समाजात मात्र सोवळ्याने हाच संसर्गाचा नकार उचलला आणि घाण काढणारेच अस्पृश्य ठरवले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम मागितले, तेव्हा ते ब्राह्मण म्हणून त्यांना नाकारले गेले. त्यासाठी त्यांना उपोषण करावे लागले आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले. तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती थेट ऑक्टोबर 2024 मध्ये. पण याच भूमीत दुसरी परंपराही आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवत आणि मग रात्री कीर्तन करत. त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा उभारली ती चोखामेळ्याच्या नावाची. देवळाबाहेर ठेवल्या गेलेल्या संताचे नाव आणि हातातला खराटा ही त्यांची शौचाची व्याख्या होती, आणि सूत्रापेक्षा मला तीच खरी वाटते.

यावर म्हणता येईल की काच पुसण्यात कसला आला आहे धर्म. संतांनी तर तीर्थात बुडी मारणाऱ्यांना मनाचा मळ दाखवला. खरे आहे. पण त्यांचा राग आंघोळीच्या अभिमानावर होता. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात शुचित्वाचे वर्णन आहे. तिथे बाहेरची शुद्धी कर्माने आणि आतली ज्ञानाने, अशा दोन्ही एकाच माणसात अपेक्षिल्या आहेत. आपल्या साबणाचा थर दुसऱ्याने खरवडावा असे ज्याला सहज वाटते, त्याच्या मनाचा मळ शोधायला फार खोल जावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येकाने आपापले पुसले तर मोलकरणीच्या पोटावर पाय येईल, आणि ‘घरच्यांनीच करावे’ म्हटले की ते काम अखेर घरच्या बाईच्याच गळ्यात पडेल. पहिल्या भागाचे उत्तर हे की झाडलोट, भांडी, फरशी यांची मजुरी कमी करा असे कुणी म्हणत नाही. तिच्या कामातून वगळायचे आहे ते फक्त ॲसिड, आणि पगार आहे तोच द्यायचा आहे. तरीही कधी जुना थर काढून घ्यावाच लागला तर हातमोजे, उघडी खिडकी आणि व्हिनेगर देणे ही घरमालकाची जबाबदारी. दुसऱ्या भागाचे उत्तर चुन्यानेच देऊन ठेवले आहे. नवऱ्याने किंवा मुलाने केलेल्या आंघोळीचे थेंब बायको स्वयंपाक आटोपून येईपर्यंत वाळलेले असतात. म्हणून वायपर मोरीच्या कोपऱ्यात बादलीमागे न ठेवता काचेच्या आतल्या बाजूला भिंतीवर, घरातल्या सगळ्यांत लहान आंघोळ करणाऱ्याचा हात पोचेल अशा उंचीवर खिळ्याला टांगावा.