ऐकलं, लिहिलं, म्हणून उरलं



बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य. पदरात तीन लेकरं: काशी, ओंकार आणि सोपानदेव. शिवाय शेतीचा व्याप. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

जात्याशी बसावं, मूठभर दाणे त्याच्या तोंडात सोडावेत, खुंटा धरून फिरवावं आणि त्या घरघरीवर आपल्या खानदेशी बोलीत ओवी जुळवावी. पीठ डब्यात जाई. ओवी मात्र हवेत विरून जाई.

सगळ्या विरल्या नाहीत, कारण घरात ऐकणारे कान होते. सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्या जमतील तशा वहीत उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. पुढे ती वही आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

प्रत्येक आजी बहिणाबाईंसारखी कवयित्री नसते. पण कोणत्या दुष्काळात घर कसं तगवलं, पहिली कमाई कुणाची, माहेरची माणसं कोण, हे तिलाच ठाऊक असतं. वंशावळीत पुरुषांची नावं राहतात, बायांची गळतात. ती नावं सांगणारी बहुतेक तीच एकटी उरलेली असते.

तेव्हा आज सवड काढा. आजीजवळ बसा, तिला बोलतं करा आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून ठेवा.