काडतुसांचा खुळखुळाट आणि सावधपणाचा धर्म

खंडेनवमीला निलंगा तालुक्यात घरोघर हत्यारं पुजली जातात. विळा, कुऱ्हाड, कोयता, सुताराची करवत, लोहाराचा घण, हल्ली ट्रॅक्टरसुद्धा. ज्या मोजक्या घरांत परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, तिथं तेही हळदीकुंकवासाठी पाटावर येतं. वर्षभर कपाटात पडून असलेलं शस्त्र पुसायला हातात घेतलं, जरा हललं, की आतून बारीक खुळखुळ ऐकू येते. चक्रीत काडतुसं सैल बसलीत का? शस्त्र बिघडलं का? एखाद्या वेळी आपोआप उडेल का?

लोखंडाच्या अंगानं या शंकेचं निरसन लवकर होतं. छोट्या रिव्हॉल्वरमध्ये भरलेली काडतुसं थोडी खुळखुळणं अगदी नेहमीचं आहे. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग काडतुसांना सतत वर दाबत असते, म्हणून ती गप्प असतात. रिव्हॉल्वरच्या चक्रीत असं दाबून धरणारं काहीच नसतं. प्रत्येक काडतूस आपापल्या घरात नुसतं सरकवलेलं असतं आणि बुडाशी असलेल्या कडेमुळे ते पुढे घसरत नाही. त्याचं घर काडतुसापेक्षा केसभर मोठं ठेवतात. गोळी सुटते तेव्हा वायूच्या दाबानं पितळी पुंगळी फुगते, घराच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की पितळ पुन्हा आकसतं, म्हणूनच रिकामी पुंगळी सहज बाहेर काढता येते. काडतुसाचं बूड आणि मागची पोलादी भिंत यांच्यातही बारीकशी फट लागतेच, नाहीतर चक्री फिरायचीच नाही. ही सैल जागा कारागिरानं मुद्दाम सोडलेली असते. काडतूस कानाशी धरून हलवलं तर आतली दारूही किंचित सळसळते, कारण पुंगळी दारूनं काठोकाठ भरलेली नसते.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. पुंगळीच्या तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी बोटानं हलत असेल, तर ते काडतूस वापरू नये. बार काढताना बसणाऱ्या झटक्यानं अशी गोळी पुढे सरकते आणि चक्री अडकवते. घोडा चढवल्यावरही चक्री मागेपुढे बरीच डुलत असेल, तर शस्त्र परवानाधारक कारागिराला दाखवायलाच हवं. सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो नावाच्या सारखेपणानं. आपल्याकडे .३२ चं रिव्हॉल्वर असतं आणि .३२ चं पिस्तूलही असतं, पण त्यांची काडतुसं वेगळी. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात कधीकधी शिरतं, बसल्यासारखंही वाटतं. पण ते त्या घरासाठी घडवलेलं नाही आणि त्याचा दाबही जास्त असतो.

म्हणजे खुळखुळ हा दोष नव्हे. पण मग एक प्रश्न उरतोच, आणि तो लोखंडाचा नाही. आवाज ऐकू आला, कारण पुसायला घेतलेलं शस्त्र भरलेलं होतं.

या प्रश्नावर जैन आचार्यांनी जितका बारकाईनं विचार केला, तितका क्वचितच कुणी केला असेल. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना जीव जाण्याआधी प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा, उल्लेख येतो. दहाव्या शतकाच्या सुमाराला अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हेच टोकाला नेलं. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही. बेसावध माणसाच्या हातून कुणीही मेलं नाही तरी हिंसा घडलेलीच असते. पहिल्या वाचनात हे विधान अतिरेकी वाटतं. भरलेलं रिव्हॉल्वर पाटावर ठेवून, शेजारी पोरंटोरं खेळत असताना त्याला कुंकू लावणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, की त्यात अतिरेक काहीच उरत नाही. तिथं अपघात झाला नाही ही केवळ नशिबाची गोष्ट, त्या माणसाच्या निरपराधपणाचा पुरावा नव्हे.

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थानं टाळायच्या निरर्थक पापांत दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: एक हिंसादान, दुसरी प्रमादचर्या. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं हे हिंसादान. तिथल्या यादीत कुऱ्हाड आणि तलवार, जमीन खणण्याचं हत्यार आणि विस्तव, साखळदंड आणि विष एका ओळीत बसतात. खंडेनवमीच्या पाटावरही शेतीची अवजारं आणि शस्त्रं अशीच एका ओळीत असतात. फरक दृष्टीचा आहे. पाटावर त्यांना पोट भरणाऱ्या, रक्षण करणाऱ्या शक्तीचा मान मिळतो. समंतभद्र त्यांच्याकडे त्यांनी काय होऊ शकतं या काळजीनं पाहतात. पूजेला ही दुसरी नजरही हवी.

शस्त्राला मान देणारी परंपरा उथळ आहे, असं मात्र कुणी समजू नये. नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला. तिथं महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरूंची शस्त्रं जपलेली आहेत: सोन्याचा खंजीर, तोड्याची बंदूक, ३५ बाणांचा भाता, ढाल, तलवारी. रोज ती भाविकांना दाखवली जातात. सेवादार एकेक शस्त्र दोन्ही हातांनी उचलतो, समोर धरतो, पुन्हा जागेवर ठेवतो. त्या हातांत जराही ढिलाई नसते. औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात गुरूंनी, बाकीचे सगळे उपाय संपल्यावरच तलवारीला हात घालणं योग्य, असं बजावलं होतं. शस्त्राचा एवढा आदर आणि त्याच्या वापरावर एवढं बंधन, दोन्ही एकाच माणसाकडून आलं.

शस्त्र कधी उचलावं, हा प्रश्न या भागानं ग्रंथाबाहेरही सोसला आहे. १९४८ मध्ये निलंगा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होता, आणि त्याच बिदरच्या धावपट्टीवर सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी निजामासाठी शस्त्रं उतरवत होता. गावांवर निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचे हल्ले चालू होते. समोर हैदराबाद स्टेट काँग्रेस होती, १९३८ मध्ये सत्याग्रहानं सुरुवात केलेली. आणि तिचे नेते होते स्वामी रामानंद तीर्थ, भगवी वस्त्रं घेतलेला संन्यासी. तरीही संस्थानच्या सीमेवरच्या शिबिरांत बंदुका आल्या. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक सशस्त्र तुकडीनं लुटली, निजामाविरुद्धच्या लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या कार्यकर्त्यांनी गांधींच्या मार्गानं तुरुंगवास भोगला होता, त्यांना हे दोन्ही एकाच तारखेखाली सोसावं लागलं. त्यांना ढोंगी म्हणणं अन्याय आहे. दाराशी आलेल्या टोळीपुढे बायकामुलांना उघडं सोडणं हाही त्यांच्या लेखी अधर्मच होता. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि त्या बंदुकांचं प्रयोजन संपलं.

आजच्या परवानाधारकापुढे तसं संकट नाही. त्याच्यापुढे असतं ते कपाट, किल्ली, घरातली मुलं आणि लग्नाची वरात. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. कुणाला गोळी लागलीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. अमृतचंद्रांनी हजार वर्षांपूर्वी जे पाप मानलं, ते आज कायद्याच्या लेखीही गुन्हा आहे.

म्हणून निलंग्यातल्या ज्या घरात रिव्हॉल्वर आहे, तिथं पूजेची सुरुवात पाट मांडण्याआधी व्हावी. नळी निर्जन दिशेला, बोट चापापासून दूर. चक्री उघडून सगळी काडतुसं काढायची, प्रत्येक घर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानं चाचपायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची, मगच शस्त्र पुसायचं. हे करताना घरातल्या मोठ्या मुलाला शेजारी उभं करावं आणि प्रत्येक कृती का, ते सांगावं. हळदीकुंकू नंतर.