दोन गोळ्या

मागच्या हिवाळ्यात नाक गच्च चोंदलं म्हणून औषधाच्या दुकानात गेले. आम्ही टेक्सासात, डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. ज्या गोळीने माझी सर्दी उतरते ती इथे फळीवर मिळत नाही, काउंटरमागे ठेवलेली असते. फार्मासिस्टने ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं, मशीनखाली धरलं, नाव-पत्ता नोंदवला, सही घेतली आणि मग पाकीट हातात दिलं. त्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रीनपासून लोक घरच्या घरी मेथ नावाचा अमली पदार्थ बनवतात, म्हणून २००६ साली इथल्या केंद्र सरकारने कायदा केला: ओळखपत्र बघा, वहीत नोंद करा, एका दिवसात ठरावीक मात्रेपेक्षा जास्त देऊ नका. नाक पुसत उभी असलेली पन्नाशीची बाई मी, तरी माझी नोंद झाली. राग आला नाही. नियम चांगला आहे.

त्याच आवारात पलीकडे खेळाच्या सामानाचं दुकान आहे. लेकाला बेसबॉलचा हातमोजा हवा होता म्हणून तिथे शिरले. गळ, तंबू, थर्मास यांच्या रांगा संपतात तिथे काचेचा काउंटर, आणि काउंटरसमोर नुकतंच मिसरूड फुटलेला एक मुलगा. त्याला 'पॉइंट टू-टू'च्या गोळ्यांचा खोका हवा होता. विक्रेत्याने त्याचं लायसन्स हातात घेतलं, जन्मतारीख नजरेखालून घातली, परत दिलं आणि विचारलं, "रायफलसाठी की पिस्तुलासाठी?"

"रायफल."

झालं. नाव कुठे टिपलं नाही, सही नाही. खोका पिशवीत पडला. आपल्या भाषेत दोन्हींना गोळीच म्हणतात. माझ्या गोळीची नोंद सरकारदरबारी झाली, त्याच्या गोळीची कुठेच नाही.

त्या एका प्रश्नामागे सबंध कायदा उभा आहे. १९६८च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार परवानाधारक दुकानदाराला २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला हँडगन किंवा हँडगनच्या गोळ्या विकता येत नाहीत. रायफल, शॉटगन आणि त्यांच्या गोळ्यांना मात्र १८ वर्षं पुरतात. आता पॉइंट टू-टूची गोळी दोन्हीकडे चालते. मग काय करायचं? गिऱ्हाईक ती रायफलीत वापरणार आहे अशी दुकानदाराची खात्री पटली, की १८ वर्षांच्या मुलाला ती देता येते. म्हणजे मुलाच्या तोंडचा एक शब्द आणि विक्रेत्याचा त्या शब्दावरचा विश्वास, एवढ्यावर वयाची तीन वर्षं कमी होतात. पूर्वी गोळ्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागे. १९८६च्या कायद्याने तीही गेली, आणि गोळ्या टपालाने घरपोच मागवायची वाटही मोकळी झाली. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना पार्श्वभूमी तपासतात. गोळ्यांसाठी केंद्राचा तसा कायदाच नाही.

मी वरणगावची. भुसावळजवळच्या आमच्या गावात आयुध निर्माणी आहे, आणि तिथे रायफलीच्या गोळ्या बनतात. अण्णांची सबंध नोकरी तिथे गेली. सुटीचा भोंगा झाला की गेटवर झडती. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. त्यांच्या डब्याचं झाकण रोजच्या उघडझापीने सैल झालेलं होतं, आई त्याला रबर लावून द्यायची. एकदा मी विचारलं, "अण्णा, तुम्ही काय चोर आहात का?" ते म्हणाले, "मी नाही गं. पण एक पुंगळी कमी भरली तर कुठे गेली ते कुणाला तरी सांगता आलं पाहिजे." बनवणाऱ्या हातांवर एवढा पहारा. आणि इथे विकणाऱ्या हातांना कुणी विचारत नाही. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात २१ वर्षांखालच्या माणसाला शस्त्राइतकीच काडतुसांचीही मनाई आहे. नेमबाजीच्या सरावाला सवलत आहे, तीही देखरेखीखाली. आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. गावठी कट्टे आणि तलवारीने केक कापणारे वाढदिवस रोजच्या पेपरात आहेतच. पण त्याच बातमीत एक शब्द असतो, 'जिवंत काडतूस'. काडतूस जिवंत असतं हे आपल्या भाषेला कळलेलं आहे.

माझं म्हणणं असं की वयाचा प्रश्न बंदुकीपेक्षा गोळीपाशी जास्त महत्त्वाचा आहे. बंदूक एकदा घेतली की आजोबांकडून नातवाकडे जाते, तिचं वय कुणी विचारत नाही. गोळी मात्र संपते. ती घ्यायला माणसाला पुन्हा पुन्हा दुकानात यावं लागतं. म्हणजे दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारायची, निरखायची, नको म्हणायची संधी मिळते. टेक्सासातल्याच युवाल्डी गावात १६ मे २०२२ रोजी एक मुलगा १८ वर्षांचा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने पहिली रायफल घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ३७५ गोळ्या घेतल्या, आणि २४ तारखेला प्राथमिक शाळेत शिरून १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या. सगळं कायद्यात बसणारं, पावतीचं. गुन्हेगारांना गोळ्या कुठूनही मिळतातच, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. हा मुलगा कुठल्या गल्लीबोळात गेला नाही, टोळीत शिरला नाही. वाढदिवस होईपर्यंत थांबला. कायद्यातला आकडा २१ असता तर त्याला आणखी तीन वर्षं थांबावं लागलं असतं, आणि त्या वयात तीन वर्षं म्हणजे निराळा माणूस.

सरकार हलत नाही तेव्हा काही दुकानांनी स्वतःहून पाऊल उचललं, हे मान्य केलं पाहिजे. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले. दोन आठवड्यांत डिक्स स्पोर्टिंग गुड्स आणि वॉलमार्ट या दोघांनी एकाच दिवशी जाहीर केलं, की बंदूक घ्यायला आमच्याकडे २१ पूर्ण पाहिजेत. वॉलमार्टने गोळ्यांनाही तीच अट घातली. पुढच्या वर्षी एल पासोतल्या त्यांच्याच दुकानात हत्याकांड झालं, तेव्हा हँडगनच्या आणि लष्करी धाटणीच्या रायफलींत चालणाऱ्या काही गोळ्या विकणंच त्यांनी बंद केलं. देशातल्या गोळ्यांच्या बाजारात त्यांचा वाटा सुमारे २० टक्के होता, तो ६ ते ९ टक्क्यांवर येईल हा हिशेब कंपनीने स्वतःच मांडला. बनियाने तोटा मोजून घेतलेला निर्णय म्हणून मला त्याची किंमत वाटते.

पण अजून एक गोष्ट याच प्रकरणातली. ऑरेगनमधल्या २० वर्षांच्या एका तरुणाने या दोन्ही दुकानांवर दावा लावला. त्या राज्यात १८ वर्षांवरच्या गिऱ्हाइकाला वयावरून माल नाकारता येत नाही. म्हणजे दुकानाची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली तर कायदाच तिला कोर्टात खेचू शकतो! शिवाय दुकानाचं धोरण ही दुकानाची मर्जी. आज आहे, उद्या नवा मालक आला की नाही. आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात त्या पाटीला कोण विचारतो?

पाटीची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक असणार. प्रत्येक पानटपरीवर लिहिलेलं असतं की १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय अपराध आहे, आणि त्या पाटीखाली चौथीतलं पोर उभं असतं. बापाने पाठवलेलं. टपरीवाला त्याला नावाने ओळखतो. इथे उलटा प्रकार होतो. कोलंबाइन शाळेतल्या १९९९च्या हत्याकांडाआधी हल्ला करणाऱ्या मुलांना हँडगनच्या गोळ्या घेता येत नव्हत्या, २१ पूर्ण नव्हती. आदल्या संध्याकाळी ओळखीच्या २२ वर्षांच्या एका तरुणाने केमार्टमधून १०० गोळ्या आणून दिल्या. काउंटरवर वयाचा नियम काटेकोर पाळला गेला. त्याच तरुणाने आधी त्यांना पिस्तूलही विकलं होतं. पुढे त्याला ६ वर्षांची शिक्षा झाली. मला मात्र त्याहून जास्त लक्षात राहिलंय ते दोन वर्षांनंतरचं. त्या हल्ल्यात जखमी झालेले दोन विद्यार्थी, अंगात अजून गोळ्या असलेले, त्यातला एक चाकाच्या खुर्चीत, चित्रपटकार मायकल मूरबरोबर मिशिगनमधल्या केमार्टच्या मुख्यालयात गेले आणि म्हणाले, तुमचा माल परत करायला आलोय. कंपनीने ९० दिवसांत हँडगनच्या गोळ्यांची विक्री बंद करायचं जाहीर केलं. कुठलंही विधेयक नाही. गिऱ्हाइकाने दारात येऊन विचारलं, एवढंच.

ऑनलाइन दुकानात तर डोळ्यांत डोळे घालून विचारणाराही नसतो. ह्यूस्टनजवळच्या सँटा फे शाळेत २०१८मध्ये १० जणांना मारणारा मुलगा १७ वर्षांचा होता. गोळ्या त्याने इंटरनेटवरून मागवल्या होत्या. वयाचा पुरावा मागितलाच नाही असं म्हणत कुटुंबांनी विक्रेत्यावर दावा लावला. कंपनीने २०२३मध्ये तडजोड करताना वय तपासण्याची व्यवस्था ठेवायचं कबूल केलं. तोवर पाच वर्षं गेली होती. गंमत म्हणजे गेल्या काही वर्षांत टेक्सास, ओक्लाहोमा आणि अलाबामातल्या काही किराणा दुकानांत गोळ्या देणारी यंत्रं आली आहेत, आणि ती यंत्रं लायसन्स तपासतात, चेहरा त्याच्याशी ताडून पाहतात, २१च्या खाली देत नाहीत. दूध-अंड्यांच्या शेजारी काडतुसांचं यंत्र बघून माझ्या पोटात गोळाच येतो. पण वय विचारण्याच्या बाबतीत ते यंत्र त्या काउंटरवरच्या माणसापेक्षा कडक आहे हे कबूल करावं लागतं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: १८ व्या वर्षी मुलगा सैन्यात जातो, मत देतो, त्याला गोळ्या का नाहीत? माझ्या शेजाऱ्याने हेच विचारलं, भला माणूस आहे, शिकारीला जातो. मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. सैन्य १८ वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक देतं हे खरं, पण गोळ्या मोजून देतं, वर उस्ताद उभा असतो, सराव संपला की उरलेल्या परत घेतं. खोका उशाशी घेऊन झोपायला कुठलंही सैन्य सांगत नाही. आणि याच देशाने दारूला १९८४मध्ये आणि तंबाखूला २०१९मध्ये २१चा आकडा लावलाच ना? कोर्टांतही हा वाद सुटलेला नाही. दुकानातून हँडगन घेण्याची २१ची अट २०२५मध्ये एका अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, काही महिन्यांत दुसऱ्याने ती उचलून धरली. शेजारी ऐकून घेतो, पटलं असं म्हणत नाही. मीही एक कबूल केलं: एल पासोचा मारेकरी २१ वर्षांचाच होता. वयाची अट त्याला अडवू शकली नसती.

आता आपल्या मंडळींकडे वळते, कारण हे लिहायला बसले ते त्यांच्यासाठी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हा विषय काढला की लोक म्हणतात, "हा यांचा प्रश्न आहे, आपण कशाला पडायचं?" आपली पोरं यांच्याच शाळेत जातात. बंदूकधारी शाळेत आला तर बाकाखाली कसं लपायचं याचा सराव करून घरी येऊन वरण-भात खातात. २०२०पासून या देशात १ ते १९ वयातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, वाहन अपघातांच्याही वर. आणि हा 'यांचा'च राहिलेला प्रश्नही नाही. त्याच साली लॉकडाऊनच्या भीतीत आपल्यातल्याही काहींनी बंदुका घेतल्या. मंडळात त्याबद्दल कुजबुज होते, उघड कुणी विचारत नाही. वाईट दिसतं म्हणे. पोराला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे दहा वेळा बजावणाऱ्या आयांना, "तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि गोळ्या कुठे ठेवता?" हे विचारताना संकोच होतो. बंदुकीने होणाऱ्या निम्म्याहून अधिक मृत्यू इथे आत्महत्येचे असतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या मनातलं वादळ कधी कधी अर्ध्या तासाचं असतं. बालरोगतज्ज्ञ सांगतात: बंदूक रिकामी, कुलपात; गोळ्या वेगळ्या कुलपात. दुकानदाराने वय विचारलं काय, न विचारलं काय, खोका उघड्या फळीवर राहिला तर ती अट आपणच रद्द केली.

मागच्या महिन्यात लेकाला मित्राकडे रात्री राहायला जायचं होतं. आपल्याच मंडळातलं घर. त्यांनी बंदूक घेतल्याचं कानावर होतं. मी त्याच्या आईला फोन लावला. आधी पुरणपोळीच्या साच्याचं बोलले, मग नाटकाच्या तालमीचं, आणि शेवटी जीव मुठीत धरून विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "वहिनी, बंदूक तिजोरीत आहे, चावी ह्यांच्याकडे असते. गोळ्यांचं... थांबा, बघून सांगते."

पाऊण तासाने मेसेज आला. "गराजमध्ये होत्या. सायकलच्या पंपाशेजारी. आता कुलपात ठेवल्यात. पाठवा त्याला."

मी लेकाची पिशवी भरायला घेतली.