न उघडलेली पेटी

1982 साली, दिल्लीत एशियाड भरले त्या वर्षी, आमच्या वडिलांनी ध्वनिक्षेपकांच्या दोन पेट्या घेतल्या होत्या. त्यांच्या पश्चात त्या आमच्याकडे आल्या. गेल्या पावसाळ्यात डावी पेटी एकाएकी मुकी झाली. दोन्हींच्या तारांची अदलाबदल करून पाहिली, तरी मौन डावीकडेच राहिले. दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हे, पेटीचाच, एवढे आम्हांस कळले. आमची विद्या येथे संपली.

पहिल्या दुकानदाराने पेटी न उघडताच निदान केले, “कॉइल जल गयी है।” आतील दोन्ही ध्वनिक्षेपक नवे, खर्च चार हजार, जुने दुकानातच राहणार! आम्ही मान डोलावलीही असती. परंतु खिशात तेवढे पैसे नव्हते, म्हणून पेटी घरी परत आली.

शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी ती उघडली आणि दीड व्होल्टचा साधा सेल एकेका ध्वनिक्षेपकाच्या टोकांना क्षणभर टेकवला. मोठ्याचा कागदी शंकू किंचित हलून ‘थप्’ असा आवाज आला. धाकट्याने बारीकशी ‘टिक्’ केली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकू, ही राइस व केलॉग यांनी 1925 साली मांडलेली रचना मुळात आजही तीच आहे. वेटोळे जळून तुटले असते, तर शंकू हललाच नसता.

दुसऱ्या दुकानातील वृद्ध कारागिराने अर्धा तास शोध घेतला. खर्ज व तार स्वरांची वाटणी करणाऱ्या ‘क्रॉसओव्हर’ नावाच्या फलकावर, तार जेथे आत येते तेथलाच सांधा निखळला होता. त्याने सोल्डरचा एक डाख दिला, पेटी बोलू लागली. त्याने तीनशे रुपये मागितले, आणि आमच्या तोंडून निघून गेले, “एका डाखाचे तीनशे?”

तो काही बोलला नाही. शंभर रुपये मात्र त्याने कमी केले.

घरी येताना ते शंभर रुपये आम्हांस जड वाटू लागले. चार हजारांच्या असत्यापुढे आम्ही मान डोलावणार होतो, आणि तीनशेंच्या सत्याशी घासाघीस केली! वस्तूचे मोल आम्ही देतो. शोधाचे देत नाही. मग न शोधता वस्तू विकणारे दुकान भरभराटीस आले, तर दोष एकट्या दुकानदाराचा कसा?

तथापि यामुळे दुकानदार दोषमुक्त होत नाही. ज्याचे असत्य कधीच उघडकीस येणार नाही, त्याने सत्य का बोलावे, हा प्रश्न उरतोच. आणि तो विचारताना आमच्यापुढे आमचेच मेज उभे राहते. निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणारे वृद्ध तेथे येतात. “फाईल वर गेली आहे,” असे आम्ही कितीदा कागद न उघडता सांगितले असेल! त्यांच्याजवळ दीड व्होल्टचा सेल नसतो. ते नमस्कार करून परत जातात.

परीक्षेची भीती असते तेथील प्रामाणिकपणा हा व्यवहार होय. समोरचा जेथे सर्वस्वी अजाण असतो, तेथेच त्याला नीतीचे नाव शोभते. आणि ती नीती फार साधी आहे. बोलण्यापूर्वी पेटी उघडावी.

ते शंभर रुपये आम्ही नेऊन दिले. फाइली अद्याप उघडावयाच्या आहेत.